त्रिशूळ, पण कोणत्या जहाजाचा?

नौदलातून निवृत्त झालेल्या एका दिवंगत खलाशाच्या घरून ऑर्डर आली. त्यांच्या 'आयएनएस त्रिशूळ'चं बोधचिन्ह वॉल हँगिंगवर विणून हवं होतं, खाली दोन ओळींत जहाजाचा इतिहास. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत असं काम क्वचितच येतं, त्यामुळे ग्राफ, म्हणजे विणीचा घराघरांचा नकाशा, मीच हातात घेतला.

इंचाला 40 तारा ताण्याच्या, म्हणजे उभे धागे, आणि 30 पिक बाण्याचे, म्हणजे आडवे धागे. 12 इंची गोलासाठी 480 तारा आणि 360 पिक लागतात. चौरस घरांच्या कागदावर गोल काढला, तर कापडावर 12 बाय 16 इंचांचं अंडं उतरतं. त्रिशुळाचा दांडा बरोबर मध्यावर येण्यासाठी मधली तार एकच हवी, म्हणून 480 ऐवजी 479 धरल्या. मालक म्हणाले, दोन्ही बाजू सारख्याच आहेत, मिरर करा, निम्म्या हुकांत (मागावर ताण्याच्या तारा उचलणारे आकडे) काम होईल. पण खाली नाव आहे, आणि अक्षरं मिररमध्ये उलटी येतात. पूर्ण हुक लावावेच लागले. बाजूच्या पात्यांचा बाक पायऱ्यापायऱ्यांनी उतरवला. जिथे फ्लोट, म्हणजे विणीत न अडकता मोकळा धावणारा धागा, अर्ध्या इंचाच्या वर जात होता तिथे त्याला अडकवणारे बांध टाकले, नाहीतर पहिल्याच झटकणीत धागा ओढला जातो.

खरी अडचण फोटोत होती. घरच्यांनी मोबाईलवरून पाठवलेल्या जहाजावर एफ 43 लिहिलेलं होतं. ते रशियात बांधलेलं नवं त्रिशूळ, 2003 मध्ये नौदलात आलेलं. इतिहासाच्या ओळी मात्र जुन्याच्या. एफ 143, बेलफास्टच्या हारलँड अँड वुल्फ गोदीत बांधलेली फ्रिगेट जातीची युद्धनौका, 1960 मध्ये दाखल झालेली. डिसेंबर 1961 मध्ये गोवा मुक्तीच्या वेळी अंजदीव बेटावर सैनिक उतरवण्याच्या कारवाईत ती होती, आणि तिथे आपले सात नौसैनिक धारातीर्थी पडले. 8 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ला करणाऱ्या 'विनाश' क्षेपणास्त्र बोटीसोबत 'तलवार' आणि हीच 'त्रिशूळ' होती. नाव एक, जहाजं दोन. कोणीही नंबर वाचून बघत नाही, नुसता फोटो पाठवतात. मी कळवलं, त्यांनी मान्य केलं, आणि विणताना 143 घातलं.

सिंहमुद्रेवर मात्र अजून वाद आहे. बोधचिन्हाच्या माथ्यावर ती असते. दीड इंचात 60 तारा, त्यात तीन तोंडं, म्हणजे एका सिंहाला 20. डोळा एका तारेचा, आयाळ सपाट, तोंड मांजराचं दिसतं. शिवाय राज्यचिन्हाच्या वापरावर 2005 चा कायदा आहे, परवानगीशिवाय कापडावर विणून विकता येत नाही. मी ती गाळली. मालकांचं म्हणणं, घरात टांगायची वस्तू आहे, कोण येणार तपासायला? घरचे म्हणतात, सिंहांशिवाय ते बाबांच्या जहाजाचं वाटत नाही. त्यांचं खरं आहे. तरी त्या आकारात आणि परवानगीशिवाय मी सिंह विणणार नाही. तीन इंचांची मुद्रा नीट उतरेल, पण त्यासाठी आधी लेखी परवानगी लागेल. अर्ज कुठे करायचा ते त्यांना लिहून दिलंय.