पत्रिकेची जाडी

लग्नाची पत्रिका हातात आली की लोक आधी नाव वाचतात, मग तारीख, मग जेवण कुठे आहे ते. माझा अंगठा आधी कागदाच्या जाडीवर फिरतो. परवा दुपारी अशीच एक आली. मे महिना, बाहेर ४३ डिग्री, अख्खं सोलापूर दारं लावून पडलेलं. मी पत्रिका पाकिटातून काढली, जराशी वाकवून सोडली आणि मनात म्हटलं, स्प्लेंडरच्या क्लच कव्हरला बरोबर बसेल.

ही खोड आप्पांची. आम्ही तेव्हा पूर्व भागात राहायचो. दोन्ही बाजूंना मागांची खटखट, त्यामुळे हात पुसायला वेस्ट कधी कमी पडलं नाही. शेजारून गुंता झालेल्या सुताचं बोचकं यायचं, त्यात चादरीचे सगळे रंग. रविवारी अंगणात फाटकी चादर पसरली की आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहायची. पहाऱ्याला. तरी वस्तू जायच्याच. टू-टी ऑइल मोजायला खोकल्याच्या औषधाचं झाकण, चेन घासायला टूथब्रश (जुना, असं आप्पा म्हणायचे), पॉइंटचा, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणाऱ्या दोन टोकांमधला, गॅप बघायला दाढीची चार ब्लेडं एकावर एक. एक ब्लेड ०.१ मिलिमीटर, आप्पांच्या राजदूतला तेवढी चळत पुरायची. एकदा चाकाचा एक्सल निघेना म्हणून शेंगाचटणी कुटायचा लोखंडी बत्ता गेला. आईने तो चिंच, राख, साबण, सगळं लावून घासला. तरी पुढे कितीतरी दिवस चटणी वाढण्याआधी ती स्वतः वास घेऊन बघायची.

पण आप्पांचा खरा हात बसला होता तो पॅकिंगवर, म्हणजे ऑइल गळू नये म्हणून इंजिन आणि कव्हर यांच्यामध्ये बसवायच्या कागदावर. पत्रिका कव्हरवर ठेवायची आणि कडेकडेने हातोडीने हलके ठोके देत जायचं. कव्हरची धारच कागद कापते. बोल्टच्या भोकावर बेअरिंगचा छर्रा ठेवून एक ठोका, की गोल टिकली खाली. मग दोन्ही बाजूंनी ग्रीस. त्यांच्या लेखी पत्रिकांची प्रतवारी होती. लॅमिनेशनवाली बाद. उठावाचा गणपती असलेली तर बिलकूल नको, ऑइल नेमकं गणपतीपाशी झिरपतं. साध्या घरची, एकाच घडीची, जाड पांढऱ्या कागदाची पत्रिका सगळ्यात उत्तम.

आत्याच्या मुलाची पत्रिका अशीच होती. देवापुढे ठेवलेली, हळदकुंकू लावलेली, तिथून उचलली. दीड महिन्यात गळायला लागली म्हणून कव्हर उघडलं, तेव्हा नेमकी आत्या चहाला आलेली. काळ्या ऑइलात ‘आपले नम्र’ तेवढं स्वच्छ वाचता येत होतं. आत्या काही बोलली नाही, चहा मात्र तसाच ठेवून गेली. मुलाचा संसार चांगला चाललाय, हे सांगितलेलं बरं.

तयार पॅकिंग दुकानात मिळतं, महागही नसतं. हे मला बायकोने सांगायची गरज नाही. पण सोलापुरात मे महिन्यात भर दुपारी उघडं दुकान दाखवा. आणि गाडीखालचा तो डाग आठ दिवस माझ्याकडे बघत होता. किक काढली, कव्हर उतरवलं. साइड स्टँडवर गाडी डावीकडे कलते, त्यामुळे ऑइलही फारसं सांडलं नाही. बत्ता आता आमच्याकडे नाही, मिक्सर आहे. त्यामुळे हातोडीच वापरली. अर्ध्या तासात काम झालं.

संध्याकाळी बायकोने विचारलं, “पत्रिका कुणाची आली होती हो?”

“तुमच्याकडचीच. होटगी रोडला कार्यालय आहे.”

“आणि तारीख?”

तारीख आठ नंबरच्या बोल्टखाली गेली होती. मी बाहेर जाऊन किक मारली, खाली वाकून बघितलं. गळत नव्हतं.