लेकाला त्या खेळात घातलंतच कसं?

दिवाळीचा फराळ असो, कुणाचं लग्न असो, नाहीतर मी कोल्हापूरला माहेरी गेलेली असो, प्रश्न ठरलेला. "वहिनी, पोराला त्या डोकेफोडीच्या खेळात घातलंतच कसं?" खेळ म्हणजे अमेरिकन फुटबॉल. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच सांगते. विचारणाऱ्यांतल्या निम्म्यांनी मॅचची तिकिटं माझ्याकडूनच मागून नेली होती, ते जाऊ दे.

मी घातलं नाही, तो गेला. नववीत कोचने त्याचे खांदे बघितले नि विचारलं. संमतीपत्रावर सही माझी आहे. म्हणजे घातलंच म्हणा.

तो ऑफेन्सिव्ह लाइनमन होता. चेंडू दुसऱ्यांचा. याने समोरच्याला अडवायचं, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला वाचवायचं, पळणाऱ्याला वाट करून द्यायची. मामा फोनवर विचारायचा, "किती गोल मारले?" काय सांगणार? स्टेडियमभर त्याचा नंबर पुकारला जायचा तो होल्डिंगची, म्हणजे समोरच्याला नियमाबाहेर धरून ठेवल्याची, पेनल्टी लागली की. टीम दहा यार्ड मागे, आणि नंबर सदुसष्टची आई मान खाली घालून बसलेली.

कॉलेजात गेला तेव्हा 118 किलो होता. 135 हवेत म्हणाले. पहिलं वर्ष रेडशर्ट, म्हणजे मॅच नाही, नुसता सराव आणि खाणं. सुट्टीला घरी आला की मी डझनभर अंडी फोडायची, तव्यावरून थालीपिठं उतरवत राहायची, वर लोण्याचा गोळा. आजोबांच्या तोंडून तालमीतल्या पैलवानांचा खुराक ऐकत वाढलेली मी! पोरगं मागून मागून खातंय याचं कौतुक कुठल्या आईला नसतं? त्यातले निदान दहा किलो माझ्या हातचे आहेत.

ऑक्टोबर 2018, शनिवार दुपार. चेंडूकडे बघणं मी केव्हाच सोडलं होतं, मी फक्त सदुसष्ट बघायची. त्याने समोरच्याला छातीवर धरलेलं, डावा पाय जमिनीत रोवलेला. तेवढ्यात त्याच्याच टीमचा एक गडी पाठीमागून ढकलला गेला आणि थेट त्या पायावर पडला. गुडघा आत वळला. ब्रेस होता, तरी वळला. त्याच क्षणी पलीकडे टचडाऊन झालं, म्हणजे आमच्या टीमला गुण. अख्खं स्टेडियम उभं राहून ओरडतंय, बँड सुरू झालाय, शेजारच्या बाईंनी मला आनंदाने मिठी मारलीये, आणि मी त्यांच्या खांद्यावरून बघतेय: तो पालथा पडलाय आणि एका हाताने गवत उपटतोय. मी ओरडले ते "अरे बाळा!" असं, मराठीतच. कुणाला कळणार होतं?

मला खाली त्याच्याकडे सोडेपर्यंत वीस मिनिटं गेली. टेबलावर पडला होता, बूट कापून काढलेला. मला बघून पहिलं वाक्य, "आई, फ्लॅग नाही ना पडला माझ्यावर?" फ्लॅग म्हणजे पंच पेनल्टीसाठी टाकतात तो रुमाल. होल्डिंग दिलं असतं तर टचडाऊन रद्द झालं असतं, ही त्याची काळजी. माझ्या तोंडून "नाही रे, मोजलं" असं निघालं. त्या क्षणी मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू?

ऑपरेशन, काठ्या, पुढचा सीझन बहुतेक बाकावर. ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ कॉलेजची पोरं निवडतात तेव्हा, सात फेऱ्यांत देशभरातून अडीचशेच्या आसपास पोरं घेतात. फोन आला नाही. संपलं.

गुडघा निदान दिसतो. 2017 च्या जुलैत बॉस्टनच्या संशोधकांचा अहवाल आला होता. कॉलेजपर्यंतच खेळलेल्या 53 जणांचे मेंदू मृत्यूनंतर तपासले, 48 मध्ये सीटीई, म्हणजे डोक्याला वारंवार मार बसून होणारा मेंदूचा आजार. मी तो छापून त्याच्यापुढे ठेवला. तो म्हणाला, "आई, ज्यांना आधीच त्रास दिसत होता त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दिले असणार." मुद्दा चूक नव्हता, संशोधकांनीही ते मांडलेलं. मी कागद ड्रॉवरमध्ये टाकला आणि शनिवारी जर्सी घालून मॅचला गेले. एवढ्या धिप्पाड पोराला काय होणार, असं त्या वेळची मी म्हणायची. अगं बाई, लाइनवरच्या पोरांची तर दर खेळीला टक्कर. बेशुद्ध पाडणारी नसेल, पण शेकड्यांनी. हे तुला तेव्हाही माहीत होतं. मग? मग त्याचा चेहरा बघितला असतात तुम्ही मैदानात उतरताना, तर विचारलं नसतंत. की विचारलं असतंत?

आता तो 28 वर्षांचा आहे, चाळीस किलो उतरलाय, नोकरी करतो. परवा थालीपीठ कसं करायचं म्हणून फोन केला. काकडी किसायची म्हटलं, तर "ते... काय म्हणतात त्याला, आई?" बराच वेळ गप्प. "किसणी," मी सांगितलं. अमेरिकेत वाढलेलं पोर, मराठी शब्द विसरणारच. मी तारीख लिहून ठेवलीये.