खाण कंपनीचा समभाग स्वस्त दिसतो तेव्हा

खाण कंपनीच्या समभागाचा पी/ई, म्हणजे भाव भागिले प्रति समभाग वार्षिक नफा, पाच-सहापर्यंत उतरला आहे एवढ्याच कारणाने तो घ्यावा, हे मला पटत नाही. औषध किंवा साबण विकणाऱ्या कंपनीला लावायचा निकष इथे बहुतेक वेळा उलटा पडतो, कारण धातूचा भाव शिखरावर असतो तेव्हाच नफा सर्वाधिक असतो आणि त्या नफ्याने भागले की समभाग स्वस्त भासतो.

एक टन तांबे काढण्याचा खर्च ६,००० डॉलर आणि विक्रीचा भाव ९,००० डॉलर आहे असे धरू. भाव ७,५०० वर आला, म्हणजे अवघा सहाव्या हिश्शाने उतरला, तरी नफा थेट निम्मा होतो. खर्च मात्र जवळपास तेवढाच राहतो, कारण खाण काही दिवसांत बंद करून पुन्हा सुरू करता येत नाही. नवी खाण शोधापासून उत्पादनापर्यंत यायला दहा वर्षांहून अधिक काळ लागतो. त्यामुळे तेजीत मंजूर झालेले प्रकल्प अनेकदा मागणी ओसरल्यावर बाजारात माल ओततात, आणि तेजी-मंदीच्या चक्राचे मूळ मला याच विलंबात दिसते.

म्हणून मी भावाच्या अंदाजांपेक्षा व्यवस्थापन तेजीत पैसा कुठे घालते हे अधिक बारकाईने पाहतो. रिओ टिंटो या खाण कंपनीने २००७ मध्ये सुमारे ३८ अब्ज डॉलरना अल्कान ही ॲल्युमिनियम कंपनी विकत घेतली. पुढच्याच वर्षी धातूंचे भाव कोसळले, आणि कर्ज हलके करण्यासाठी २००९ मध्ये कंपनीला भागधारकांकडून १५ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम उभारावी लागली. २०१३ च्या जानेवारीत सुमारे १४ अब्ज डॉलरची मालमत्ता निर्लेखित झाली, म्हणजे तिचे तेवढे मूल्य हिशेबातून वजा करावे लागले; त्यात मोठा वाटा ॲल्युमिनियम व्यवसायाचाच होता. या खरेदीचा निर्णय झाला तेव्हा नफ्याचे आकडे उत्तम होते, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

मंदीच्या तळाशी चित्र बरोबर उलटे असते. अँग्लो अमेरिकन या खाण कंपनीने डिसेंबर २०१५ मध्ये लाभांश थांबवला. त्या वेळी पी/ई पाहून तिच्याकडे वळण्याचे कोणतेही कारण नव्हते; तरीही २०१६ मध्ये तो समभाग तिपटीहून अधिक वाढला. अर्थात कर्जाच्या ओझ्याखाली कंपनी तोवर टिकेल की नाही, हा प्रश्न तेव्हा खराच होता, आणि त्याचे उत्तर ताळेबंदात व कर्जफेडीच्या तारखांत शोधावे लागत होते.