निर्गुंडीचा काढा तपासताना

निर्गुंडीचा पाला सुजेवर चालतो, हे आपण ऐकत आलोय. पीएच.डी.साठी तेच तपासायला घेतलं, तेव्हा आधी ठरवावं लागलं की तपासायचं काय: लोक घेतात तो काढा, की प्रयोगशाळेतला अर्क? माझ्या मते निम्मा निकाल इथेच ठरतो.

पाला जमवून वनस्पतिशास्त्राच्या तज्ज्ञांकडून ओळख पटवून घेतली. निर्गुंडी म्हणून व्हायटेक्सच्या, म्हणजे निर्गुंडीच्याच वंशातल्या, दुसऱ्या जातीही वापरल्या जातात, त्यामुळे वाळवलेली फांदी हर्बेरियममध्ये (वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहात) ठेवून क्रमांक घेतला. तो नसेल तर पुढचं सगळं वाया.

प्रयोगशाळेत सॉक्सलेट हे द्रावक पुन्हा पुन्हा उकळून अर्क काढणारं उपकरण वापरतात. त्यात अर्क तासन्‌तास तापत राहतो. उष्णतेने काय बिघडू शकतं, हे चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांच्या कामातून कळतं. हिवतापावरच्या वनस्पतीचे त्यांचे अर्क कधी चालत, कधी नाही. गे होंग या प्राचीन चिनी वैद्याच्या ग्रंथात ती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नाही. त्यांनी 1971मध्ये कमी तापमानाला ईथर हे द्रावक वापरलं आणि अर्क लागू पडला. म्हणजे परंपरेतली रीत बदलली की निकालही बदलू शकतो. म्हणून मी सॉक्सलेटच्या अर्कासोबत लोक घेतात तसा काढाही केला: शार्ङ्गधर संहितेप्रमाणे सोळापट पाणी, अष्टमांश उरेपर्यंत आटवलेलं. तो गोठवून वाळवला. किती पाल्यापासून किती पूड निघते हे मोजलं, म्हणजे मात्रा माणसाच्या वापराशी ताडून पाहता येते.

सुजेशी संबंधित एन्झाइम थंडावतं का, या परीक्षानळीतल्या चाचणीत दोन्ही अर्क झकास निघाले. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "आधी टॅनिन काढ, मग बोलू." टॅनिन ही वनस्पतीतली तुरट द्रव्यं प्रथिनांना चिकटतात, त्यामुळे परीक्षानळीत जवळपास कुठलंही एन्झाइम थंडावतं. पॉलिव्हिनिलपायरोलिडोन या टॅनिन धरून ठेवणाऱ्या पदार्थाने ते काढल्यावर परिणाम बराच उतरला. नुसत्या अशा चाचणीवर औषधी गुणाचा दावा करणारे शोधनिबंध मला म्हणूनच पटत नाहीत.

प्राण्यांवरच्या प्रयोगाला नैतिकता समितीची परवानगी लागते. प्रत्येक गटात सहाच उंदीर का, कमी का नाहीत, याचं उत्तर तयार ठेवावं लागलं, आणि ते विचारलं जातं हे योग्यच आहे. विषारीपणाची चाचणी ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या 423 क्रमांकाच्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे, किलोला 2000 मि.ग्रॅ.पर्यंत, चौदा दिवस निरीक्षण.

मग मुख्य प्रयोग. अर्क पाजून तासाभराने मागच्या पंजात सूज आणणारं 1 टक्का कॅराजीनन टोचायचं, 0.1 मि.लि. मग सूज दर तासाला प्लेथिस्मोमीटरवर, म्हणजे पंजाचं आकारमान मोजणाऱ्या उपकरणावर, मोजायची. सुरुवातीची सूज शरीरातल्या हिस्टामिन-सेरोटोनिन या रसायनांमुळे, नंतरची प्रोस्टाग्लँडिनमुळे, म्हणून कुठल्या तासाला फरक पडतो ते बघायचं. तुलनेला डायक्लोफिनॅक हे सूज उतरवणारं नेहमीचं औषध. मोजणाऱ्याला गट कळू दिला नव्हता.

काढ्याने तिसऱ्या तासापासून सूज स्पष्ट कमी झाली, डायक्लोफिनॅकइतकी नाही. सॉक्सलेटचा अर्क मागे पडला. आता काढ्याचे वेगवेगळे भाग पाडतेय. प्रत्येक भाग टॅनिन काढून याच चाचणीतून जाईल, आणि ज्यात परिणाम टिकेल त्यातलंच संयुग पुढे शोधायचं आहे.