आमची वाटचाल : भिंत न फोडता वायर निघाली पाहिजे

1994 साली सांगलीत आम्ही दोघांनी काम सुरू केलं. दोघं म्हणजे मी आणि माझे भागीदार, ज्यांना सगळे भाऊच म्हणायचे. भाऊंकडे वायरमनचं परमिट होतं, माझ्याकडे सायकल. सुरुवातीला लाकडी पट्टीवर वायरिंग करायचो. पुढे लोकांना वायर दिसायला नको झाली आणि कन्सील्डची, म्हणजे वायर भिंतीच्या आत लपवायची, कामं येऊ लागली. छन्नी आणि हातोडा घेऊन दिवसभर झिऱ्या मारायच्या, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खाचा पाडायच्या, संध्याकाळी भुवया विटेच्या धुळीनं लाल. भाऊंचा नियम एकच. भिंतीत पाइप जातो, वायर पाइपात जाते, आणि वीस वर्षांनीसुद्धा ती भिंत न फोडता बाहेर निघाली पाहिजे.

मधली वर्षं नीट गेली. वीज मंडळाचं महावितरण झालं, आमचं कंत्राटदाराचं लायसन्स झालं, दोघांचे नऊ जण झालो.

2008 मध्ये शामरावनगरच्या बाजूला 14 फ्लॅटचं काम मिळालं. स्लॅबचं पायपिंग आम्ही केलं. सळईला पाइप बाइंडिंग तारेनं बांधले, प्रत्येक जॉइंटला सोल्यूशन लावलं, फॅन बॉक्सात गोणपाट कोंबलं. तेवढं केलं नाही तर सिमेंटचं पाणी आत उतरतं आणि पाइप कायमचा बंद होतो. काँक्रीट पडताना मी स्वतः स्लॅबवर उभा होतो, व्हायब्रेटरवाल्याचा पाय पाइपावर पडू नये म्हणून.

भिंतींचं काम सुरू व्हायच्या आठवड्यात बिल्डरनं दुसरा माणूस आणला. पॉइंटला आमच्या निम्मा भाव. एवढ्यात परवडतं कसं, ते मी साइटवर जाऊन पाहिलं. झिरी जेमतेम अर्धा इंच, पाइप नाहीच, वायर खिळ्यांनी दाबून वरून गिलावा. बोर्डाच्या तोंडाशी मात्र वीतभर पाइपाचा तुकडा, बघणाऱ्याला वाटावं आतपर्यंत पाइप आहे! मी तिथेच बोललो. झालं, आमचं स्लॅबचं बिल अडकलं ते आजतागायत. 'यांची कामं रखडतात' असं त्या माणसानं दुकानादुकानांत पसरवलं आणि आमची चार पोरं फोडली. माझ्यावर वायरच्या दुकानाची 1 लाख 80 हजारांची उधारी. त्याच पावसाळ्यात भाऊंचा मणका गेला, ते घरी बसले. दोन महिने मी शटर उघडून नुसता बसून होतो.

गावभागातल्या बाई आमचं 1996 पासूनचं गिऱ्हाईक. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या वाड्यात राहायच्या. त्यांनी निरोप पाठवला, सगळं वायरिंग काढून नवीन करायचंय. मी बघून म्हणालो, "बाई, हे अजून पाच वर्षं चालेल."

"तुझं चालेल का?" त्या म्हणाल्या, आणि आगाऊ पैसे हातावर ठेवले.

त्या पैशांतून निम्मी उधारी भागवली आणि वायरचं इन्सुलेशन तपासायचा, हातानं फिरवायचा 500 व्होल्टचा मेगर घेतला. तो अजून चालतो. वाड्याच्या भिंती चुन्याच्या, झिरी मारली की ढासळणाऱ्या, म्हणून तिथे केसिंग-कॅपिंग केलं, म्हणजे भिंतीवरच झाकणाची पट्टी बसवून तिच्यात वायर घातली. 2005 च्या पुराची रेघ बाईंनी जपून ठेवली होती. सगळे बोर्ड त्या रेघेच्या वर घेतले.

घर बांधत असाल तर सांगतो. चार इंची भिंतीत आडवी झिरी मारू देऊ नका आणि दोन खोल्यांचे बोर्ड पाठीला पाठ लावून बसवू नका. पाइप सरळ उभा किंवा सरळ आडवा, तिरका कधीच नको, कारण उद्या फोटोचा खिळा तुम्हीच ठोकणार आहात. पाइपात वायर ठासून भरू नका. गिलाव्याआधी प्रत्येक भिंतीला मोजायची टेप लावून मोबाइलवर फोटो काढून ठेवा. आणि करंट गळला की वीज तोडणारा 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर रंगकाम थांबवा, आधी तो बसवा.

ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली. बाईंची रेघसुद्धा बुडाली. पाणी ओसरल्यावर कॅपिंग उघडून दोन तासांत सगळी वायर मोकळी केली. पाइपवाल्या घरांत बोर्ड उघडला की पाइपातून राखाडी गाळ ओघळायचा. कॉम्प्रेसरनं पाइप साफ करायचा, वायर ओढायची स्प्रिंग आत घालायची, एकानं वायर सोडायची, दुसऱ्यानं ओढायची. मग मेगर फिरवायचा, काटा एक मेगाओहमच्या वर गेल्याशिवाय मेन चालू नाही. त्या दोन महिन्यांत आम्ही 61 घरं केली.

त्यांतली चार शामरावनगरच्या त्याच इमारतीतली, तळमजल्याची. सोसायटीनं बोलावलं तेव्हा मला वाटलं होतं, नाही जायचं. गेलो. बोर्ड उघडले तर स्क्रूपाशी तांबं हिरवं पडलेलं. वायर ओढली, हलेना. दोघांनी ओढली, तुटून हातात आली. शेवटी कटर लावून चारही फ्लॅटच्या भिंती पुन्हा चिरल्या, लोकांच्या डोळ्यांदेखत, आणि पाइप टाकले. मग फॅनची लाइन घेतली. आमच्या स्लॅबमधल्या पाइपात स्प्रिंग घातली, ती कुठेही न अडकता थेट फॅन बॉक्सातून बाहेर आली. 11 वर्षांनी. मी भाऊंना तिथूनच फोन लावला.