न निवडलेलं

मंगळवार, रात्रीचे पावणेबारा

जावामधल्या वेब सर्व्हिसेस, म्हणजे नेटवर्कवरून एकमेकांशी बोलणारे प्रोग्राम, यांच्या सराव परीक्षेत आज बारा प्रश्न चुकले. अकरांचं काही वाटलं नाही. एक मात्र संध्याकाळपासून डोक्यातून जात नाहीये.

एक सोप मेसेज, म्हणजे अशा प्रोग्रामनी एकमेकांना धाडायचा एक्सएमएल निरोप, दिला होता. बॉडीत ऑपरेशनच्या नावाचं एलिमेंट, त्याच्या पोटात दोन पॅरामीटर. स्टाइल, म्हणजे मेसेज रचायची पद्धत, कोणती? मी क्षणात आरपीसी/लिटरल लिहून मोकळी. उत्तर होतं, एवढ्यावरून सांगता येणार नाही. डॉक्युमेंट/लिटरल रॅप्ड ही दुसरी स्टाइलसुद्धा अगदी अशीच दिसू शकते. खरं काय ते डब्ल्यूएसडीएलमध्ये, म्हणजे सर्व्हिसचं वर्णन असलेल्या फाइलमध्ये, बघावं लागतं : मेसेजच्या पार्टला टाइप दिलाय (आरपीसी) की एलिमेंट (डॉक्युमेंट).

चार वर्षं मी हेच काम करते. याचाच पगार घेते.

आणि चार वर्षांत एकदाही ही स्टाइल मी निवडलेली नाही. क्लासवर वेबसर्व्हिसचं ॲनोटेशन (कोडवरची खूण) लावायचं आणि डिप्लॉय करायचं. आपण काही सांगितलं नाही तर जॅक्स-डब्ल्यूएस, म्हणजे सोप सर्व्हिस लिहायची जावातली सोय, डॉक्युमेंट, लिटरल, रॅप्ड असंच धरतं. समोरच्या टीमचा डब्ल्यूएसडीएल आला की त्यावरून जावा कोड बनवणारं टूल, डब्ल्यूएसइम्पोर्ट, चालवायचं. ती फाइल उघडून वाचायला वेळ मिळाला नाही असं मी म्हणत आले. वेळ होता. काम अडलं नाही, म्हणून वाचली नाही.

जेवताना आई म्हणाल्या, "अगं, रोजचंच काम ना तुझं? मग अभ्यास कसला एवढा?" सहज विचारलं त्यांनी. घास फिरत राहिला तोंडात.

हिंजवडीहून येताना बसमध्ये ताईची वही काढते. ती जे२ईई १.४ या जावाच्या जुन्या एंटरप्राइझ आवृत्तीच्या वेळची, त्यात जॅक्स-डब्ल्यूएसच्या आधीचं जॅक्स-आरपीसी. 2010 मध्ये जावा बनवणारी सन कंपनी ओरॅकलमध्ये गेली, माझा अभ्यासक्रम जावा ईई 6 चा. निम्मी पानं उपयोगाची नाहीत, तरी तीच वही काढते. ताईने समासात सगळीकडे "का?" लिहिलंय. माझ्या वहीत एकही "का?" नाही. ताईला फोन करायला हवा. असो.

किती जागा अशा असतील, जिथे मी न विचारता पुढे गेले? कॉलेजची ब्रँच, ही टीम... नको, आज एवढंच पुरे.

दहा वाजता सगळे झोपल्यावर साध्या एडिटरमध्ये डॉक्युमेंट/लिटरल रॅप्ड स्टाइलचा डब्ल्यूएसडीएल हाताने लिहायला घेतला. टाइप्स, मेसेज, पोर्टटाइप, बाइंडिंग, सर्व्हिस. टार्गेट नेमस्पेसमध्ये (फाइलमधल्या नावांचं आडनावच म्हणा) दोनदा अडकले. मग त्यावर डब्ल्यूएसइम्पोर्ट चाललं. जनरेट झालेल्या इंटरफेसमध्ये स्टाइलबद्दल एक ओळही नव्हती.

मग कॉपी करून बाइंडिंगची स्टाइल आरपीसी केली, पार्टचे एलिमेंट काढून टाइप दिले, सोप बॉडीला नेमस्पेस दिली आणि पुन्हा डब्ल्यूएसइम्पोर्ट चालवलं. या वेळी इंटरफेसच्या वर सोपबाइंडिंगचं ॲनोटेशन आलं : स्टाइल आरपीसी. चार वर्षांत ते मी पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले.

परीक्षा शनिवारी आहे. पास होईन की नाही, माहीत नाही. संध्याकाळी हेच म्हणताना रडू येत होतं, आता येत नाहीये. जॅक्स-आरएस, म्हणजे सोपशिवायच्या सर्व्हिसेसचा भाग, अजून तसंच पडलंय. उद्या ऑफिसमध्ये आमच्या बिलिंग सर्व्हिसचा डब्ल्यूएसडीएल आधी उघडणार आहे, पहिल्या ओळीपासून.