मानेभंज्यांग ते संदकफू : जुन्या लँड रोव्हरमधून एकतीस किलोमीटर

संदकफूला बहुतेक लोक कांचनजंगा पाहायला जातात. आम्ही चौघे गेल्या नोव्हेंबरात गेलो ते तिथवर नेणाऱ्या गाडीसाठी. दार्जिलिंगपासून सुमारे सव्वीस किलोमीटरवर भारत-नेपाळ सीमेवर मानेभंज्यांग नावाचे छोटे गाव आहे. तेथून पश्चिम बंगालच्या सर्वांत उंच ठिकाणापर्यंत, म्हणजे ३,६३६ मीटरवरील संदकफूपर्यंत, १९५० च्या दशकातील सिरीज वन, म्हणजे पहिल्या पिढीच्या, लँड रोव्हर आजही भाड्याने धावतात. ज्या गाड्या इतरत्र संग्रहालयात किंवा श्रीमंत संग्राहकांच्या गॅरेजमध्ये सापडतात, त्या येथे पीठ, गॅसची टाकी, अंडी आणि प्रवासी वाहून घरे चालवतात. त्या बंद होण्याआधी त्यांतून एकदा प्रवास करावा, ही इच्छा मनात बरीच वर्षे होती.

पुण्याहून निघणाऱ्यांना बागडोगरा विमानतळ किंवा न्यू जलपायगुडी स्थानक, यांपैकी एक गाठावे लागते. तेथून मिरिक आणि सुखियापोखरीमार्गे मानेभंज्यांग साधारण चार तासांवर आहे. मिरिकनंतर थंडी एकाएकी जाणवू लागते, त्यामुळे स्वेटर डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावेत. मानेभंज्यांगला संध्याकाळी पोहोचून मुक्काम करणे सर्वांत चांगले. सकाळी सहा-सातच्या सुमारास गाड्या चौकात लागतात, त्या वेळी गाडी स्वतः पाहून ठरवता येते.

हे मुद्दाम सांगतो, कारण आम्ही ते केले नव्हते. सिलिगुडीतील एका मध्यस्थाकडे आम्ही आगाऊ पैसे भरून ‘लँड रोव्हरच हवी’ असे दोनदा बजावले होते. सकाळी आमच्यासमोर उभी राहिली ती नवी कोरी, बंद काचांची दुसरीच गाडी. मध्यस्थाने फोन उचलला नाही आणि भरलेले पैसे परत मिळाले नाहीत. शेवटी चौकातील मालकांच्या संघटनेच्या टेबलाशी जाऊन आम्ही नव्याने पावती फाडली आणि वीस मिनिटांत गाडी मिळाली. मागून जाणाऱ्यांनी पैसे येथेच, पावती घेऊन, भरावेत. दर ठरलेले असतात, घासाघीस करावी लागत नाही आणि पैसा थेट गाडीच्या मालकाच्या हातात पडतो. ओळखपत्राची मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स प्रती बरोबर ठेवाव्यात, कारण वनखात्याच्या नाक्यावर आणि पुढे सशस्त्र सीमा बलाच्या चौक्यांवर नोंद करावी लागते. भारतीय नागरिकांना पासपोर्टची गरज नाही, मात्र ओळखपत्र लागतेच.

आमच्या वाट्याला आलेली गाडी फिकट हिरवी होती. मालक स्वतःच चालवत होते. वय साठीच्या आसपास, बोलणे मोजके. सगळे त्यांना दाजू म्हणत होते, म्हणून आम्हीही दाजूच म्हणू लागलो. नेपाळीत दाजू म्हणजे थोरला भाऊ. गाडी त्यांच्या वडिलांनी एका चहामळ्याकडून घेतली होती. दार्जिलिंगच्या डोंगरात या गाड्या आल्या त्याच ब्रिटिश मळेवाल्यांमुळे. मळेवाले गेले, मळ्यांचे मालक बदलले, आणि गाड्या हळूहळू स्थानिक चालकांच्या हाती आल्या.

या गाडीचे मूळ समजून घेतले, तर ती येथे का टिकली हे आपोआप कळते. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये पोलादाचा तुटवडा होता. रोव्हर कंपनीचे मुख्य अभियंता मॉरिस विल्क्स यांच्याकडे वेल्समधील अँगलसी बेटावर शेती होती आणि तेथे ते युद्धातून उरलेली एक अमेरिकी विलीस जीप वापरत. ती कामाला उत्तम होती, पण तिच्या जागी घेण्यासारखी ब्रिटिश गाडी बाजारात नव्हती. तेव्हा १९४७ मध्ये त्यांनी भाऊ स्पेन्सर यांच्याशी बोलताना समुद्रकिनाऱ्याच्या वाळूत नव्या गाडीची आकृती काढली, असे कंपनीच्या इतिहासात सांगितले जाते. पहिला नमुना जीपच्याच सांगाड्यावर उभा राहिला. ३० एप्रिल १९४८ रोजी अॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर लोकांसमोर आली. चाकांमधले अंतर ऐंशी इंच, १.६ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि ताकद साधारण पन्नास अश्वशक्ती. पोलाद मिळत नसल्यामुळे बाहेरचा पत्रा बर्माब्राइट या अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा केला. रंग हिरवा, कारण युद्धानंतर लष्करी विमानांसाठीचा हिरवा रंग मुबलक शिल्लक होता. शेतकऱ्याला करवत किंवा मळणीयंत्र चालवता यावे म्हणून इंजिनाची ताकद बाहेर काढण्याचीही सोय होती.

अडचणीतून घेतलेले हे निर्णय डोंगरात वरदान ठरले. मानेभंज्यांगला वर्षातले कित्येक महिने धुके आणि पाऊस असतो. तेथे पोलादी पत्र्याची गाडी दहा-पंधरा वर्षांत सडते, अॅल्युमिनियमला मात्र गंज चढत नाही. शिवाय सगळे पत्रे सपाट आणि नटबोल्टने बसवलेले आहेत. ठोकर लागली तर तेवढाच पत्रा उतरवायचा, लाकडी हातोड्याने सरळ करायचा आणि परत लावायचा. दाजूंच्या गाडीच्या उजव्या मडगार्डवर अशा ठोकण्याच्या इतक्या खुणा होत्या की हात फिरवला तर पितळेच्या जुन्या पातेल्यावर फिरवल्यासारखे वाटत होते. चॅसिस, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, मात्र पोलादी असते आणि तिला गंज लागतोच. म्हणून दर पावसाळ्यात, १६ जून ते १५ सप्टेंबर या काळात या मार्गावरील सिंगालिला राष्ट्रीय उद्यान बंद असताना, मालक मंडळी गाड्या उघडून चॅसिस खरवडतात, जेथे पातळ झाली असेल तेथे पट्टी वेल्ड करतात आणि रंग देतात. सिरीज वनचे उत्पादन १९५८ मध्ये थांबले, त्यामुळे मूळ सुटे भाग बाजारात जवळपास मिळतच नाहीत. जे लागते ते सिलिगुडीतील लेथवर घडवून आणले जाते.

इंजिनाची गोष्ट आम्हा महाराष्ट्रातल्यांना विशेष जिव्हाळ्याची वाटावी अशी आहे. दाजूंनी बॉनेट उघडले तेव्हा आत महिंद्राचे डिझेल इंजिन होते. येथील पुष्कळ गाड्यांत आता तेच आहे, कारण जुने पेट्रोल इंजिन चढावर फार इंधन पिते आणि डिझेलचे भाग कोठेही मिळतात. महिंद्राने १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत गाड्यांच्या धंद्याला सुरुवात केली ती विलीस जीपची जुळणी करूनच. म्हणजे ज्या जीपवरून लँड रोव्हर सुचली, त्याच जीपपासून गाड्यांच्या धंद्यात आलेल्या कंपनीचे इंजिन आज त्या लँड रोव्हरला ढकलत संदकफूला नेते. आणि लँड रोव्हर हे नावही २००८ पासून मुंबईच्या टाटा समूहाकडे आहे. आमच्या पुण्यात २०११ पासून तिच्या काही नव्या गाड्यांची जुळणीही होऊ लागली. दाजूंना हे सांगितले तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि ‘तरी भाग सिलिगुडीलाच मिळतो’ असे शांतपणे म्हटले. मालकाचा अनुभव तो हाच.

मानेभंज्यांगमधून बाहेर पडताच चित्रेपर्यंतचा चढ इतका उभा आहे की मागे बसलेल्यांना फाळक्याला पाय टेकवावे लागतात. मागच्या हौद्यात लांबीच्या बाजूने दोन बाक असतात आणि तेथे बसणाऱ्याला पुढचा रस्ता दिसत नाही. ज्यांना गाडी लागते त्यांनी चालकाशेजारची जागा आधीच मागून घ्यावी. पाठीला उशी किंवा दुमडलेले ब्लँकेट हवेच. सामान कमी आणि मऊ पिशव्यांत भरावे, कारण टणक बॅगा प्रत्येक खड्ड्यात गुडघ्यांवर येतात.

मी पहिल्या टप्प्यात पुढे बसलो आणि दाजूंचे हात पाहत राहिलो. पहिल्या आणि दुसऱ्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे दात्यांचा वेग आपोआप जुळवणारी रचना, नसल्यामुळे दर वेळी क्लच दोनदा दाबावा लागतो, मधे न्यूट्रलवर अॅक्सिलरेटरला हलका धक्का द्यावा लागतो, आणि दोन्ही बाजूंच्या दात्यांचा वेग जुळला की दांडा आपणहून आत जातो. चुकले तर सगळ्या डोंगराला ऐकू जाईल असा आवाज येतो. संपूर्ण प्रवासात तो आवाज एकदाही आला नाही. मुख्य दांड्याशेजारी पिवळ्या मुठीचा दांडा चारही चाकांना ताकद देतो आणि लाल मुठीचा दांडा गाडी लो रेंजमध्ये, म्हणजे कमी वेग पण जास्त जोर देणाऱ्या गिअरमध्ये, टाकतो. मूठ आता पिवळी राहिलेली नव्हती, तळहाताच्या घासाने ती हाडासारखी पांढरट झाली होती. काही वळणे एका फेऱ्यात घेताच येत नाहीत. गाडी टोकापर्यंत न्यायची, मदतनीस मुलाने उडी मारून मागच्या चाकाला दगड लावायचा, गाडी थोडी मागे घ्यायची आणि मग वळवायची. तो मुलगा दगड लावायचा, काढायचा आणि चालत्या गाडीच्या फाळक्यावर परत चढायचा, आणि हे सर्व एका श्वासात व्हायचे.

मेघमा या गावी धुके होते, नावाप्रमाणे. पुढे तुमलिंगला चहा घेतला. हे गाव नेपाळच्या हद्दीत येते, कारण रस्ताच सीमेवरून वळसे घेत जातो. प्रत्येक थांब्यावर आम्ही चहा पीत असताना दाजू पान्हा घेऊन गाडीखाली जात आणि कमानपाट्यांचे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्यांचे, यू-बोल्ट आवळून येत. पाटे ढिले राहिले तर मधला बोल्ट तुटतो आणि अॅक्सल सरकतो, म्हणून बिघाड होण्याची वाट पाहायचीच नाही, असा त्यांचा नेम. सीटखालच्या गोणपाटात एक जादा पाटा, दोन यू-बोल्ट, तार, रबरी नळीचे तुकडे आणि साबणाची वडी होती. डिझेलच्या टाकीला बारीक चीर गेली तर साबण दाबून लावला की गळती मुक्कामापर्यंत थांबते. कोणत्याही जुन्या गाडीतून आडरानात जाणाऱ्याने हे सामान लक्षात ठेवावे.

गैरीबासपर्यंत रस्ता खाली उतरतो आणि तेथून पुन्हा चढ लागतो. पूर्वी हा सारा मार्ग सुट्या दगडांचा होता. आता बऱ्याच भागात काँक्रीट झाले आहे, त्यामुळे नव्या गाड्याही वर जाऊ लागल्या आहेत. रस्ता झाला याचा मला आनंदच आहे. वरच्या गावांतील आजारी माणूस लवकर खाली येतो, यापुढे प्रवाशाच्या हौसेला किंमत नाही. पण एका बोलेरोच्या चालकाला दिवसात जेवढ्या फेऱ्या करता येतात तेवढ्या लँड रोव्हरला जमत नाहीत, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च तर तिप्पट, असे दाजूंचे गणित. लँड रोव्हरच्या सत्तरीच्या सुमारास तिच्या कंपनीने मानेभंज्यांगला चित्रीकरण केले, तेव्हा येथे ४२ गाड्या असल्याचे सांगितले होते. आम्ही गेलो त्या सकाळी चौकात मी अकरा मोजल्या. बाकीच्या वर होत्या की कायमच्या थांबल्या, हे विचारल्यावर दाजूंनी विषय बदलला.

काला पोखरीला छोटे काळे तळे आहे. त्यापुढचे विखेभंज्यांग म्हणजे विषाची खिंड. बचनागाची विषारी झाडे येथे उगवतात, म्हणून हे नाव. येथून शेवटचे काही किलोमीटर सर्वांत कठीण. गाडी पहिल्या गिअरमध्ये, लो रेंजवर, माणसाच्या चालीने चढत होती, आणि तरीही इंजिनाचा सूर एकसारखा होता. मानेभंज्यांग सोडल्यापासून चहाचे थांबे धरून पावणेपाच तास लागले.

मानेभंज्यांग सुमारे दोन हजार मीटरवर आहे, म्हणजे काही तासांत आपण सोळाशे मीटर वर येतो. चालत येणाऱ्याचे शरीर तीन-चार दिवसांत सरावते, गाडीने येणाऱ्याला ती सवड मिळत नाही. आमच्यातील एका मैत्रिणीला संध्याकाळी डोके जड होऊन उलट्या सुरू झाल्या. गोळ्या घेऊन थोडे बरे वाटले, पण रात्र बसून काढावी लागली. दाजूंनी गाडी उताराकडे तोंड करून लावली आणि हाक मारली तर लगेच निघू, असे सांगून ठेवले. म्हणून माझा आग्रह आहे की जाताना तुमलिंगला एक मुक्काम करावा. हृदयविकार, दमा किंवा उच्च रक्तदाब असणाऱ्यांनी निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे, आणि त्रास वाढला तर सूर्योदयाची वाट न पाहता खाली उतरावे. वर रुग्णालय नाही. मोबाइलची रेंज भरवशाची नाही, एटीएम नाही, त्यामुळे रोख रक्कम खालूनच न्यावी.

पहाटे साडेपाचला तापमान शून्याखाली होते. कांचनजंगेची रांग निजलेल्या बुद्धासारखी दिसते, असे लोक म्हणतात ते खरेच आहे. डावीकडे दूर एव्हरेस्ट, ल्होत्से आणि मकालू दिसत होते. त्याच वेळी मागे दाजू शेगडीतील निखारे एका पत्र्यावर घेऊन इंजिनाच्या तेलाच्या टाकीखाली ठेवत होते. गारठलेले तेल सैल झाल्याशिवाय ते चावी फिरवत नाहीत. मी त्यांना विचारले, मुलगा गाडी चालवणार का? तो सिलिगुडीला नोकरी करतो, पण पावसाळ्यात चॅसिस खरवडायला न चुकता येतो, असे त्यांनी सांगितले.

उतरताना गाडी पूर्ण वेळ लो रेंजमध्येच राहते आणि ब्रेकला पाय क्वचित लागतो. त्यामुळे वेळ चढण्याइतकाच जातो, हे धरूनच परतीचे विमान किंवा रेल्वे ठरवावी. आम्ही दुपारी दोनला मानेभंज्यांगला पोहोचलो. सामान उतरायच्या आत दाजू पान्हा घेऊन गाडीखाली गेले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना तुमलिंगला गॅसच्या टाक्या न्यायच्या होत्या.